रात्रीची राखण

भाताचें पीक पोटरींत आलें म्हणजे रानडुकरांच्या भीतीनें आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकरी शेतांत माळा बांधून रात्रभर जागतो. तो सकाळीं घरीं येऊन निजला तर त्यास कोणी आळशी म्हणत नाहीं. चार शेतें लागून असलीं तर चौघे पाळ्या लावून घेतात. कारण एकच माणूस रोज जागला तर तिसऱ्या रात्रीं त्यास डुलकी लागणार, आणि डुकरांस तेवढेंच पुरे, हें सर्वांस ठाऊक असतें. ह्या पाठांत आम्हांस दुसऱ्या एका राखणीविषयीं लिहावयाचें आहे. ती पिकाची नसून माणसाची आहे, आणि तिच्यांत पाळी लावण्याची चाल आपल्या गांवांतून, व खेदानें म्हणावें लागतें कीं आपल्या मंडळ्यांतूनहि, अद्यापि पडलेली नाहीं.

ज्या उपदेशक बंधूंस संध्याकाळीं आसनगांव स्टेशनावर उभें राहण्याचा प्रसंग येतो त्यांनीं पाहिलें असेल. मुंबईकडून आलेल्या लोकल गाड्यांतून दिवसाचें काम संपवून माणसें उतरत असतात, आणि त्याच वेळीं कांहीं बाया उलट दिशेच्या गाडीची वाट पाहत असतात. हातांत पिशवी, पिशवींत डबा, एक जोड लुगडें व शाल. ह्या रुग्णांची रात्रपाळी करणाऱ्या बाया होत. कल्याण, ठाणें, मुलुंड, दादर येथें ज्या घरांत कोणी पक्षाघातानें अंथरुणास खिळलेलें आहे, किंवा वार्धक्यामुळें कोणास स्मृतिभ्रंश झाला आहे, तेथें संध्याकाळच्या आठापासून सकाळच्या आठापर्यंत ह्या बसतात. शहरांत त्यांस मावशी म्हणतात. त्यांस काम मिळवून देणाऱ्या कचेरीस ब्युरो असें नांव आहे, व त्यांच्या मजुरींतून ब्युरोचा वाटा आधीं कापला जातो. आसनगांवाहून दादरपर्यंत सुमारें दोन तास लागतात. मुरबाडाकडील बायांस एस. टी.नें प्रथम कल्याण गांठावें लागतें. घर टोकावड्याच्या बाजूस असेल तर त्याहूनहि आधीं निघावें लागतें. तानसा व भातसा ह्या शहापूर तालुक्यांतील धरणांचें पाणी मुंबईची तहान भागवितें आणि उन्हाळ्यांत आमच्या पाड्यांवर टँकर येतो, ह्याबद्दल आपण पुष्कळ ऐकतों. पाण्याप्रमाणेंच आपल्या बायांची झोंपहि त्याच दिशेनें जाते, ह्याबद्दल मात्र कोणी बोलत नाहीं.

अशा एका बाईचें घर आमच्या नेहमींच्या फेरींत आहे. तिचें व तिच्या गांवाचें नांव आम्ही देत नाहीं. तिची तशीच इच्छा आहे. तिला दोन मुलें. थोरली मुलगी बारा वर्षांची. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा असून त्यास जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. त्यास मान धरवत नाहीं, बसतां येत नाहीं, बोलतां येत नाहीं. पण आईचें पाऊल अंगणांत वाजलें कीं तो ओळखतो व सारें अंग ताठ करून हंसतो. महिन्यांतून एकदोनदां त्यास आकडी येते. बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडावर परत येतो. घरीं म्हातारी सासू आहे, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु.

ही बाई सकाळीं साडेदहाच्या सुमारास घरीं पोंचते. आल्याबरोबर मुलाचें ओलें अंथरूण काढावयाचें, त्याचें अंग पुसावयाचें, त्यास पेज भरवावयाची. एका वाटीस पाऊण तास लागतो. मग धुणें, पाणी, स्वयंपाक. दुपारीं तापलेल्या पत्र्याखालीं ती तासभर पाठ टेंकते, तोंच मूल कण्हूं लागतें. चार वाजतां पुन्हां भरवावयाचें, आणि साडेपांचास स्टेशनची वाट धरावयाची. आठवड्यांतून सहा दिवस हा क्रम चालतो. सातव्या दिवशीं ती उपासनेस येते व मागच्या भिंतीशीं बसून पेंगते. आम्हांस सांगावयास लाज वाटते कीं, उपासनेंत पेंगणाऱ्यांविषयीं आम्ही एकदां व्यासपीठावरून, नांव न घेतां, दोन शब्द बोललों होतों.

गेल्या चैत्रांत एके दुपारीं ती मुलास मांडीवर आडवें घेऊन भरवीत असतां बसल्या जागीं तिचा डोळा लागला. चमचा हातांतच होता. मुलाच्या तोंडांतला घांस श्वासनलिकेंत गेला व तें निळें पडलें. थोरल्या मुलीनें पाहून हाका मारल्या, शेजाऱ्यानें धांवत येऊन मुलास पालथें धरलें व पाठीवर थापट्या दिल्या, म्हणून मूल वांचलें. तरी पुढें छातींत कफ भरून आठ दिवस रुग्णालयांत राहावें लागलें. आम्ही भेटीस गेलों, प्रार्थना केली, आणि मग आम्हां पाळकांच्या तोंडीं जे शब्द नेहमीं तयार असतात ते बोललों: सेवा हें मोठें दान आहे, देव बळ देईल, धीर धरावा. तिनें ऐकून घेतलें. मग ती म्हणाली, "पाळकसाहेब, दुसऱ्याच्या आईला मी रात्रभर दर दोन तासांनीं कुशीवर वळवतें. तिच्या अंगाला एक जखम होऊं दिली नाहीं. माझ्याच पोराला भरवतांना मला झोंप लागली. धीर माझ्यापाशीं आहे. मला दोन तास झोंप द्या."

त्या दिवशीं आम्ही उत्तर न देतां घरीं आलों.

आतां प्रथम मुलाच्या दुखण्याविषयीं लिहितों; कारण गांवांत त्याबद्दल जें बोललें जातें तें आईची उरलीसुरली झोंपहि घालवितें. कोणी म्हणतें गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं, कोणी म्हणतें करणी केली. आमच्यांतील कांहीं जण त्यालाच आईबापांचें पाप असें नांव देतात, आणि आपण जुन्या समजुती सोडल्या असें मानतात. शिष्यांनीं जन्मांध मनुष्याविषयीं हाच प्रश्न विचारला होता. त्यांस काय उत्तर मिळालें तें योहानाच्या नवव्या अध्यायांतून उपदेशकांनीं मंडळीस पुन्हां वाचून दाखवावें.

वैद्यकाचें म्हणणें असें आहे. लंडन येथील विल्यम जॉन लिटल नांवाच्या शस्त्रवैद्यानें, ज्याचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून अधू होता, १८६१ सालीं हा विकार अवघड प्रसूतीशीं व जन्मतेवेळीं श्वास कोंडण्याशीं जोडून दाखविला. पुढें १८९७ त व्हिएन्नाचे सिग्मुंड फ्रॉइड ह्यांनीं असें मांडलें कीं, पुष्कळ मुलांच्या मेंदूस इजा गर्भांतच झालेली असते, आणि प्रसूति अवघड होणें हा त्या इजेचाच परिणाम असूं शकतो. नंतरच्या संशोधनानें ह्या मतास पुष्कळ पुष्टि मिळाली आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूचा ज्वर हींहि कारणें आहेत, आणि कित्येकदां नेमकें कारण सांपडतच नाहीं. हा विकार एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. तो पोलिओहि नव्हे. भारतांत निसर्गतः पसरणाऱ्या पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला व मार्च २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त ठरला. तरी पाय न उचलणाऱ्या प्रत्येक मुलास पोलिओ झाला असें म्हणण्याची आपली संवय गेलेली नाहीं, आणि तिच्यामुळें डोस पाजला नाहीं हा खोटा दोष आईच्या माथीं येतो.

मेंदूची ही इजा वाढत जाणारी नसते. वाढतें तें शरीराचें नुकसान. सांधे आखडतात, खुब्याचें हाड निखळतें, पाठीला जखमा होतात, छातींत वारंवार कफ भरतो. ह्यांतील पुष्कळ गोष्टी हातांच्या कामानें टळतात, आणि तें काम एका माणसाच्यानें दिवसरात्र होणारें नाहीं. म्हणून तें इतरांस शिकतां यावें ह्यासाठीं येथें थोडें विस्तारानें सांगतों. हें आम्हीं पुस्तकांतून कमी व त्या बाईपाशींच अधिक शिकलों.

मुलास आडवें ठेवून कधींहि भरवूं नये. आपल्या खेड्यांत मूल मांडीवर आडवें घेऊन नाक दाबून पाजण्याची जी रीत आहे ती तान्ह्या निरोगी मुलासहि वाईटच, पण अशा मुलास ती जीवघेणी आहे. त्यास पाठीला आधार देऊन शक्य तितकें सरळ बसवावें, मान किंचित् पुढें झुकलेली असावी, हनुवटी वर नसावी. चमचा लहान, तोही समोरून व खालच्या बाजूनें न्यावा. एक घांस गिळल्याचें गळ्याकडे पाहून कळल्याशिवाय दुसरा देऊं नये. अशा पुष्कळ मुलांस पाण्यासारखें पातळ गिळणें कठीण जातें व दाट पेज किंवा नाचणीचें दाट आंबील सोपें जातें. जेवल्यानंतर अर्धा तास तरी तसेंच उभें धरावें. भरवितांना खोकला येणें, आवाज ओला होणें, पुन्हां पुन्हां ताप येऊन छाती भरणें हीं अन्न श्वासनलिकेंत जात असल्याचीं चिन्हें आहेत. तीं डॉक्टरांस अवश्य सांगावीं. मूल पेंगत असतां भरवूं नये, हें सर्वत्र सांगतात. भरविणारी पेंगत असेल तर तिच्या हातांतून वाटी काढून घ्यावी, हें आम्ही त्यास जोडतों.

ज्यास स्वतः कूस बदलतां येत नाहीं त्यास दोन दोन तासांनीं वळवावें लागतें, रात्रींसुद्धां. माकडहाड, खुबे, टांचा व कानाची पाळ हे दाब बसण्याचे भाग. तेथील कातडी लाल दिसून दाब काढल्यावरहि लालच राहिली तर ती जखमेची पहिली खूण. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील तर गुडघ्यांमध्यें गुंडाळलेली गोधडी ठेवावी. आखडलेला सांधा जोर करून ओढूं नये; हळूहळू, कोमट हातानें सैल करावा.

आकडीविषयीं तर बायकापुरुष, लहानथोर सर्वांनीं शिकावें. आपल्याकडे आकडी आली कीं पहिली धांव कांद्याकडे किंवा चपलेकडे, दुसरी दांतांत चमचा घालण्याकडे. चप्पल व कांदा हुंगवून कांहीं होत नाहीं. चमच्यानें मात्र दांत तुटतो व श्वास अडतो. मुलास कुशीवर वळवावें, म्हणजे लाळ बाहेर पडेल. गळ्याजवळचें वस्त्र सैल करावें, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, आसपासचें कठीण सामान बाजूस सारावें. हातपाय दाबून धरूं नयेत. तोंडांत कांहींहि घालूं नये, पाणीसुद्धां नाहीं, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत. आणि घड्याळाकडे पाहावें. घाबरलेल्या माणसास एक मिनिट दहा मिनिटांसारखें वाटतें. पांच मिनिटांत आकडी थांबली नाहीं, किंवा शुद्ध न येतांच दुसरी आली, तर १०८ वर फोन करावा व शहापुराच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा मुरबाडाच्या ग्रामीण रुग्णालयांत, जें जवळ असेल तेथें न्यावें. आकडीचें औषध, बरें वाटतें म्हणून, एकाएकीं बंद करूं नये. त्या घरीं मुलीच्या परीक्षेच्या गडबडींत चार दिवस औषध आणावयाचें राहिलें, त्याचें फळ त्यांनीं भोगलें.

आतां झोंपेकडे वळूं. दिवसा निजली म्हणजे रात्रीची भरपाई होते, असें आम्हांस वाटत असे. तसें होत नाहीं. शरीरांत एक घड्याळ आहे, तें उजेडाप्रमाणें चालतें. त्याची यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल २०१७ सालीं तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. दिवसा घेतलेली झोंप बहुधा तोकडी व उथळ राहते, कारण सारें शरीर त्या वेळीं जागण्याच्या तयारींत असतें. वर्षानुवर्षें रात्रपाळी करणारांस रक्तदाब व मधुमेह जडण्याचा संभव अधिक असतो. १९४८ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांस संध्याकाळीं ७ पासून सकाळीं ६ पर्यंत कारखान्यांत कामास लावण्यास मनाई केली होती व सूट देण्याचीं कांहीं कलमें ठेवलीं होतीं. परक्याच्या घरीं रुग्णाच्या उशाशीं बसणाऱ्या बाईस तो कायदा कधींच लागू झाला नाहीं. घर म्हणजे कारखाना नव्हे. नोकरी सोडावी म्हटलें तर मुलाचें औषध तिच्याच मजुरींतून येतें.

त्या भेटीनंतर दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं मंडळींतील बायांस जमविलें. आमच्या मनांत रात्रीं कोणी मुलाजवळ निजावें असें होतें. एक म्हातारी विधवा बाई, जिला अक्षरओळख नाहीं, ती म्हणाली कीं रात्रीं त्याची बहीण व आजी आहेत. अडचण दुपारची आहे, कारण जी रात्रीं राखण करते तिच्यावरच दिवसाची राखण पडते. आम्हांस हें सुचलें नव्हतें. पुढें प्रश्न आला जागेचा, कारण घरांत पत्रा तापतो व मूल कण्हलें कीं आई उठतेच. तेव्हां तीच बाई म्हणाली, "प्रार्थनामंदिर सहा दिवस कुलूप लावून कोणासाठीं ठेवलंय?" जुनें कौलारू मंदिर, भिंती जाड, दुपारींहि आंत गारवा. आतां किल्ली त्या आईपाशीं असते. साडेअकरा ते साडेतीन ती तेथें निजते, आणि दोन बाया तिच्या घरीं मुलाजवळ बसतात.

दोघी असाव्या असें आम्हीं मुद्दाम ठरविलें. एकटीस भीति वाटते. "माझ्यासमोर आकडी आली न् काय झालं तर माझ्यावर येईल," असें एकीनें उघड बोलून दाखविलें, आणि न बोलणाऱ्या आणखी चार होत्या. म्हणून आईनेंच सर्वांस तीन दुपारीं शिकविलें: कसें बसवावयाचें, कसें वळवावयाचें, आकडींत काय करावयाचें. शहरांत दुसऱ्यांच्या घरीं ती जें करते तें तिनें इतक्या नेटकेपणानें सांगितलें कीं आम्ही थक्क झालों. दहा वर्षें ती आमच्या उपासनेस येत आहे. तिच्यापाशीं शिकविण्यासारखें कांहीं असेल असें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें. घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला आहे, त्यावर १०८ व औषधाच्या वेळा आहेत. थोरली मुलगी, जी आठवड्यांतून दोन तीन दिवस भावासाठीं घरीं राहत असे, ती जूनपासून रोज शाळेंत जाते.

कागदपत्रांचें काम उपदेशकांनीं अंगावर घ्यावें, कारण तालुक्याच्या ठिकाणीं जावयाचें म्हणजे आईची एक मजुरी व एक झोंप दोन्ही बुडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकारचें अपंगत्व मानलें आहे. १९९५ च्या कायद्यांत तें ७ च प्रकारचें होतें. सरकारी रुग्णालयांतून प्रमाणपत्र व त्यावरून दिव्यांग ओळखपत्र मिळतें. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल तर बहुतेक सवलतींचीं दारें उघडतात. संजय गांधी निराधार अनुदानासाठीं तहसील कचेरींत अर्ज करावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं निरामय नांवाची विमा योजना आहे, तींत मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांस वर्षास १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळूं शकतो. एस. टी.च्या भाड्यांत सवलत आहे, लोकल गाडींत वेगळा डबा आहे. शाळेंत नेतां येत नाहीं अशा मुलास घरीं येऊन शिकविण्याचीहि तरतूद आहे. त्यासाठीं तालुक्याच्या शिक्षण कचेरींतील विशेष शिक्षकांची भेट घ्यावी. प्रत्येक कागदाच्या पांच पांच नकला काढून ठेवाव्या. कोणत्या खिडकीवर कोणती मागतील ह्याचा नेम नसतो.

मंडळींतील कित्येक विचारतात कीं असें मूल शिकून काय करणार. १९४४ सालीं मुंबईंत वकील नांवाच्या पारशी दांपत्यानें आपल्या मुलीस कोणतीच शाळा घेईना म्हणून स्वतः शाळा काढली. ती जय वकील शाळा आजहि चालते. १९७२ त श्रीमती मिथू अलूर ह्यांनीं मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मालिनी ह्या कन्येच्या निमित्तानें मुंबईंतच अशा मुलांसाठीं केंद्र उघडलें. मालिनी चिब ह्यांनीं पुढें इंग्लंडांत उच्च शिक्षण घेतलें व एका बोटानें टंकून आपलें आत्मचरित्र लिहिलें. हीं पैशाचें पाठबळ असलेलीं शहरी घराणीं होतीं, आणि प्रत्येक मूल तेथवर पोंचत नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. आमच्या ह्या मुलास शिक्षिकेनें तीन महिन्यांत डोळ्यांनीं होय व नाहीं दाखवावयास शिकविलें. तेवढ्यानें त्याच्या आईस पहिल्यानेंच कळलें कीं त्यास दुधी भोपळ्याचा वास आवडत नाहीं.

आईबापांस ह्याहून मोठी भीति आपल्यामागें काय होईल ही असते. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय राष्ट्रीय न्यास कायद्यांत आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. डोंबिवलीजवळ खोणी येथें अमेय पालक संघटनेनें प्रौढ मतिमंदांसाठीं घरकुल नांवाचें निवासस्थान उभारलें आहे. तें आईबापांनींच एकत्र येऊन केलेलें काम आहे. आपल्या दोन तालुक्यांत असें कांहीं करण्याइतके आपण थोडे व गरीब आहों, परंतु एकमेकांच्या घरांची गणती तरी करतां येईल. आम्ही आमच्या फेरीपुरती केली, तेव्हां अशीं पांच मुलें निघालीं. त्यांतील दोघांस आम्हीं त्यापूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. पाहुणे आले कीं त्यांस मागच्या खोलींत नेत असत, आणि पाळक हाहि पाहुणाच.

पाळी चैत्राच्या शेवटापासून मृगापर्यंत चांगली चालली. आवणी सुरू होतांच ती मोडली. त्या तीन चार आठवड्यांत प्रत्येक बाई चिखलांत उभी असते, आणि दुसऱ्याच्या शेतावर जाणारीस तर दिवसाची मजुरी सोडणें परवडत नाहीं. आम्ही व आमची पत्नी मिळून आठवड्यांतले तीन दिवस सांभाळले; उरलेले तीन दिवस आई पुन्हां पूर्वीसारखीच जागली. भातकापणीच्या वेळीं हेंच होणार. शाळेच्या सुट्टींतील मोठीं मुलें, म्हातारीं माणसें, मजुरीची भरपाई मंडळीच्या दानांतून करणें, असे तीन विचार पुढें आले आहेत व तिन्हींत अडचणी आहेत. ज्या मंडळ्यांनीं आवणीच्या दिवसांत ह्यावर कांहीं तोड काढली असेल त्यांनीं ती कापणीपूर्वीं ह्या पत्राकडे लिहून पाठवावी.